पांढऱ्या पाण्यातले हात

तीन महिन्यांपूर्वी हातकणंगले तालुक्यातून एका भगिनींचे पत्र आले. ‘सविनय जयजिनेंद्र’ने सुरू झालेले, सुवाच्य अक्षरातले, हिशेबाच्या वहीतून फाडलेल्या रेघांच्या कागदावरचे. त्यांच्या यजमानांची औद्योगिक वसाहतीत छोटी यंत्रशाळा आहे. दोन सीएनसी लेथ, एक व्हीएमसी, एक जुने रेडियल ड्रिल आणि सात कामगार. फौंड्रीतून आलेले बिडाचे कास्टिंग कातून, भोके पाडून, आटे घालून परत पाठवायचे, असे जॉबवर्क. वह्या भगिनी स्वतः पाहतात. पत्रात दोन प्रश्न होते.

पहिला असा: “आमच्याकडे सहा वर्षे काम करणारा एक सेटर आहे. मुलगा गुणी आहे. गेल्या दिवाळीपासून त्याच्या दोन्ही हातांची कातडी सोलवटते, बोटांच्या सांध्यांवर भेगा पडतात, भाकरी मोडतानाही रक्त येते. यजमान म्हणतात, बाकीच्या सहा जणांना काही होत नाही, मग यालाच कसे? याची प्रकृतीच उष्ण असावी. आता तो गावी जाऊन शेती पाहतो म्हणतो. आम्ही कूलंट बदलावे की मुलगा बदलावा?”

दुसरा प्रश्न त्यांच्या सासऱ्यांचा: “मामंजी विचारतात की कूलंटमध्ये जनावराची चरबी असते हे खरे काय? असल्यास ते आपल्या कारखान्यात नको.”

मी त्वचारोगांचा डॉक्टर असलो तरी हार्डवेअरच्या दुकानात वाढलेला आहे. वडिलांच्या गल्ल्यामागे कटिंग ऑइलचे ड्रम उभे असत. त्यामुळे समाजातील लग्नकार्यांत, पर्युषणातील प्रवचनानंतरच्या गप्पांत दुसरा प्रश्न मला निदान चार-पाच वेळा विचारला गेला आहे. पहिला प्रश्न मात्र एखाद्या कारखानदाराच्या घरातून मला प्रथमच आला. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर त्या पत्राला दिले आहे.

ज्यांच्या घरी यंत्रशाळा नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. फिरत्या धातूला हत्यार भिडते तेव्हा प्रचंड उष्णता निर्माण होते, हत्याराची धार जाते आणि काम खडबडीत होते. अमेरिकेतील फ्रेडरिक टेलर या अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस असे दाखवून दिले की कापण्याच्या जागी पाण्याची जोरदार धार सोडली, तर कापण्याचा वेग ३० ते ४० टक्क्यांनी वाढविता येतो. पाण्याने यंत्र गंजू नये म्हणून तो त्यात सोडा घालीत असे. आजचे कूलंट हे त्याच कल्पनेचे विस्तारलेले रूप होय. काही कामांना निव्वळ तेल लागते. पण बहुतेक ठिकाणी पाण्यात मिसळणारे तेल वापरले जाते आणि त्याचे दुधासारखे मिश्रण होते. कामगार त्याला सरळ ‘पांढरे पाणी’ म्हणतात. शब्द निरुपद्रवी आहे. त्या पाण्यात मात्र खनिज तेल, तेल आणि पाणी एकजीव ठेवणारे साबणाच्या जातीचे पदार्थ, गंज रोखणारी अमाइन वर्गातील रसायने, कुजू नये म्हणून जंतुनाशके आणि फेस दाबणारी द्रव्ये असतात. एक टाकी भरली की तेच पाणी आठवडेच्या आठवडे फिरत राहते. धातूचा चुरा, यंत्राच्या स्लाइडवरून गळणारे तेल, कोणाची थुंकी, कोणाच्या चहाचा उरलेला घोट, सारे त्यातच जमा होते.

आपल्या त्वचेचा अगदी वरचा पातळ थर मृत पेशींचा व त्यांच्यामधील स्निग्धांशाचा बनलेला असतो. शरीरातील ओलावा आत आणि बाहेरचे द्रव्य बाहेर ठेवण्याचे काम तोच करतो. हा थर किंचित आम्ल असतो. त्याचा पीएच पाचच्या आसपास असतो. कूलंट हेतुपुरस्सर अल्कधर्मी ठेवलेले असते, साधारण ८.५ ते ९.५. आठ तास त्यात हात बुडत-निघत राहिले तर साबणी द्रव्ये स्निग्धांश धुऊन नेतात आणि थर विरळ होतो. त्यात धातूच्या केसासारख्या बारीक चिपा अदृश्य ओरखडे काढतात. रोज धुणीभांडी करणाऱ्या बाईंचे हात आपण पाहिले असतील. कारण तेच आहे. येथे रसायने अधिक आणि वर चिपा. वैद्यकात याला प्रक्षोभजन्य त्वचादाह म्हणतात आणि यंत्रशाळेतील हातांच्या तक्रारींत हाच सर्वाधिक आढळतो. तो संसर्गजन्य नसतो. अंगातील ‘उष्णते’शी त्याचा संबंध नाही. हे दोन्ही मुद्दे ठळकपणे सांगतो, कारण अशा कामगाराला डबा वेगळा खायला लावल्याचे मी पाहिले आहे.

माझ्या स्वतःच्या अपराधाचीही येथे कबुली देतो. व्यवसायाच्या पहिल्या काही वर्षांत एका तरुणाच्या हातावर मी दोन महिने नायट्याचे औषध चालविले. काय करतोस, असे विचारले तेव्हा त्याने “नोकरी” असे सांगितले आणि मी तेच लिहून घेतले. पुढे गावच्या यात्रेसाठी तो पंधरा दिवस सुट्टीवर गेला आणि परत आला तो हात जवळजवळ बरे करूनच. कामावर रुजू झाल्यावर आठवड्यात पूर्वस्थिती. तेव्हा मला सुचले की दोन महिने मी औषध चुकीच्या गोष्टीला देत होतो. त्या दिवसापासून हाताचा रोगी आला की मी तीन प्रश्न विचारतो: हात दिवसभर कशात असतात, सुट्टीत बरे वाटते काय, आणि कामावर हात कशाने धुता? वाचकांपैकी ज्यांच्याकडे कामगार आहेत त्यांना हे तीन प्रश्न डॉक्टरविनाही विचारता येतील.

औषधाच्या दुकानातून विनाचिठ्ठी मिळणाऱ्या मलमांविषयी एक शब्द. तीव्र स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि जंतुनाशक एकाच ट्यूबमध्ये असलेली ही मलमे दोन दिवसांत आराम देतात, म्हणून लोकप्रिय आहेत. महिनोन्‌महिने वापरल्यास त्वचा पातळ होते, आणि मुळात नायटा असेल तर तो रूप पालटून पसरतो. स्टेरॉइड मलम हे या आजारातले योग्य औषधच आहे. पण कोणते, किती दिवस आणि केव्हा थांबवायचे, हे ठरविणारा कोणी हवा.

आता यजमानांचा आक्षेप: इतरांना काही होत नाही, मग यालाच कसे? प्रश्न व्यवहारी माणसाचा आहे आणि त्याला उत्तर आहे. सर्वांची कातडी एकसारखी नसते. लहानपणी इसब किंवा दम्याची प्रवृत्ती असलेल्यांचा हा थर मुळातच नाजूक असतो. शिवाय सर्वांचे काम एकसारखे नसते. ऑपरेटर जॉब लावतो आणि काढतो, तर सेटर हत्यार बदलतो, फिक्स्चर पुसतो, टाकी भरतो, ओला जॉब हातात धरून मोजतो. त्याचे हात दुप्पट वेळ पाण्यात असतात. आणि तिसरी शक्यता सर्वांत महत्त्वाची, ती ॲलर्जीची. प्रक्षोभ हा मात्रेचा खेळ आहे. थोडे पाणी, थोडा त्रास. ॲलर्जीत शरीर एखाद्या विशिष्ट रसायनाची ओळख पटवून घेते, आणि मग त्याचा अत्यल्प अंशही पुरे होतो. ही ओळख सहसा जन्मभर पुसली जात नाही. कूलंटमध्ये अशी ओळख पटणारी द्रव्ये बरीच आहेत: फॉर्माल्डिहाइड सोडणारी व आयसोथायझोलिनोन जातीची जंतुनाशके, काही अमाइन्स, पाइन वृक्षाच्या राळेतील आम्ले, कार्बाइड हत्यारातून पाण्यात उतरणारा कोबाल्ट, आणि जॉबमधून येणारे निकेल व क्रोमियम. बाहेरून पाहून दोहोंतील फरक अनुभवी डॉक्टरलाही नेहमी सांगता येत नाही. त्यासाठी पॅच टेस्ट करावी लागते. संशयित द्रव्यांचे कण पाठीवर चिकटवून ४८ तास ठेवतात, आणि त्यानंतर किमान दोनदा, काही दिवसांच्या अंतराने, पाहतात. वैद्यकीय महाविद्यालयांच्या त्वचारोग विभागांत याविषयी चौकशी करावी.

भगिनींना उत्तर लिहिण्यापूर्वी मी त्यांची यंत्रशाळा पाहून आलो. हात पाहण्याआधी मी टाकी पाहिली. ही सवय मला रोग्यांनी लावली आहे.

टाकी दोनशे लिटरची. पुरवठादाराच्या कागदावर प्रमाण ६ टक्के लिहिलेले. म्हणजे १२ लिटर तेल आणि १८८ लिटर पाणी. यंत्र तापते, पाणी उडून जाते. तेल मात्र तसेच राहते. समजा ६० लिटर पाणी उडाले. उरलेल्या १४० लिटरमध्ये तेल १२ लिटरच आहे, म्हणजे प्रमाण साडेआठ टक्क्यांवर गेले. आता पातळी खाली गेलेली पाहून कोणी पाण्याबरोबर अंदाजाने तांब्या-दोन तांब्ये तेलही ओतले, आणि असे रोज होत गेले, तर महिन्याभरात त्या टाकीत काय आहे हे कोणालाच सांगता येणार नाही. मी विचारले, “प्रमाण कसे पाहता?” सेटर म्हणाला, “रंग बघून, डॉक्टरसाहेब. आणि बोटाला किती बुळबुळीत लागतंय त्यावर.” म्हणजे मोजमापाचे उपकरण त्याचे बोट होते.

वास्तविक यासाठी रिफ्रॅक्टोमीटर नावाची हातभर लांबही नसलेली नळी मिळते. तिच्या काचेवर थेंब ठेवायचा, उजेडाकडे धरायचे आणि ब्रिक्सचा आकडा वाचायचा. त्याला पुरवठादाराच्या कागदावरील गुणकाने गुणले की टक्के मिळतात. आकडा ४ आणि गुणक १.५ असेल तर प्रमाण ६. किंमत म्हणाल तर कार्बाइड इन्सर्टच्या एका डब्याहून फार नाही. ज्या घरात साखरेच्या पोत्याचे वजन पुन्हा करून घेतले जाते, त्या घरच्या कारखान्यात ही नळी नसावी, याचे मला नवल वाटले आणि मी ते बोलून दाखविले. यजमान हसले, पण वहीत टिपून घेतले. कमी झालेली पातळी भरताना निव्वळ पाणी किंवा निव्वळ तेल न घालता एक-दोन टक्क्यांचे पातळ मिश्रण घालावे. मिश्रण करताना पाण्यात तेल सोडावे, तेलात पाणी नव्हे. नाहीतर ते नीट एकजीव होत नाही. बोअरचे पाणी जड असेल तर क्षार साचत जातात आणि मिश्रण फुटते, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट वास. साप्ताहिक सुट्टीनंतर पहिल्या सकाळी यंत्र सुरू केले की कुजक्या अंड्यांसारखा दर्प येतो, हा अनुभव पुष्कळांना असेल. सुट्टीत पाणी स्थिर राहते, वर गळलेल्या तेलाचा तवंग धरतो, खाली हवा पोचत नाही, आणि हवेविना वाढणारे जीवाणू गंधकयुक्त वायू सोडतात. पीएच उतरतो, यंत्र गंजू लागते. मग काय करतात? पुरवठादाराने ‘वासाची बाटली’ दिलेली असते. ती जंतुनाशकाची बाटली असते. या यंत्रशाळेत ती खिडकीत ठेवली होती, तिच्यावर लेबल नव्हते, आणि वास आला की सेटर झाकणाने मोजून, उघड्या हाताने, ती टाकीत ओतत असे. झाकणावरून ओघळलेले बोटावर येई. पातळ झालेले जंतुनाशक त्वचेवर येणे निराळे आणि निव्वळ जंतुनाशक येणे निराळे. ॲलर्जीची पहिली ओळख बहुधा अशीच पटते.

आधी जीवोत्पत्ती होऊ द्यायची आणि मग विष घालून ती मारायची, ही रीत आपल्या स्वयंपाकघरात कोणी चालू देणार नाही. तेथे आपण पाणी गाळतो, शिळे ठेवत नाही, भांडे कोरडे करतो. टाकीचेही तेच आहे. तवंग रोज काढावा. त्यासाठी स्किमर मिळतो. तो नसेल तर सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी हातमोजे घालून शोषक कापडाने टिपावा. चुरा साचू देऊ नये. यंत्र बंद असतानाही पाणी थोडा वेळ फिरते ठेवावे. टाकी रिकामी केली की तळ खरवडून धुवावा. जुन्या गाळावर नवे कूलंट ओतणे म्हणजे विरजण लावणे होय. (काढलेले पाणी गटारात सोडणारे महाभाग आहेत. तो विषय मोठा आहे आणि कायद्याचाही आहे.)

तिसरी गोष्ट हात धुण्याची, आणि माझ्या मते अर्धे नुकसान येथे होते. शिफ्ट संपली की कोपऱ्यातल्या डब्यात हात बुडवायचे. डब्यात रॉकेल, डिझेल किंवा थिनर. मग लाकडाचा भुसा आणि कपड्यांची पावडर घेऊन खसाखसा चोळायचे. दिवसभरात कूलंटने जो थर निम्मा विरळ केला तो पाच मिनिटांत पुरता उतरवायचा. त्यानंतर ज्या कॉटन वेस्टने यंत्र पुसले, तिनेच हात पुसायचे. तिच्यात धातूच्या चिपा अडकलेल्या असतात. तीच ओली चिंधी पँटच्या खिशात. मांडीवर तळहाताएवढा इसबाचा डाग घेऊन आलेले रोगी मी पाहिले आहेत, आणि प्रत्येक वेळी खिसा बरोबर त्या डागावर असतो. सौम्य द्रव साबण, स्वच्छ पाणी, पुसायला स्वच्छ कोरडे कापड, आणि कोरड्या हातावर साधी पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेल, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. काम संपल्यावरचे आणि रात्री झोपतानाचे हे तेल चुकवू नये. कामापूर्वी लावायच्या ‘संरक्षक’ क्रीमवर मात्र फार विसंबू नये; ते हातमोज्यांची जागा घेत नाही.

हातमोज्यांबाबत सावधपणे लिहितो, कारण चुकीचा सल्ला बोटे घेऊन जाईल. फिरत्या लेथपाशी, ड्रिलपाशी हातमोजे घालू नयेत. मोजा चिपेत किंवा स्पिंडलमध्ये गुंतला तर हात त्याच्यामागे जातो. पण टाकी साफ करताना, तेल मिसळताना, जंतुनाशक ओतताना, यंत्र बंद ठेवून ओले जॉब हाताळताना नायट्राइलचे मोजे अवश्य घालावेत. सुती मोजे कूलंट शोषून घेतात आणि ते दिवसभर कातडीला लावून ठेवतात. त्यापेक्षा उघडा हात बरा. दाबाच्या हवेने हात किंवा कपडे झाडण्याची सवय तर पूर्णपणे मोडावी. त्याने चिपा कातडीत घुसतात आणि डोळ्यांत उडतात.

निव्वळ तेलावर चालणाऱ्या यंत्रांची तऱ्हा निराळी. तेथे सोलवटण्यापेक्षा केसांच्या मुळांशी काळे ठिपके व पुटकुळ्या येतात, हातांवर आणि तेलाने भिजलेल्या मांड्यांवर. तेलकट कपडे रोज बदलणे हा त्यावरचा मुख्य उपाय, आणि ते कपडे घरी लेकरांच्या कपड्यांत मिसळून धुऊ नयेत. याच तेलाशी एक जुनी, गंभीर गोष्ट जोडलेली आहे. इचलकरंजी परिसरातील वाचकांना ती जवळची वाटेल, कारण ती कापड गिरण्यांची आहे. इंग्लंडमधील लँकेशायरच्या सूतगिरण्यांत म्यूल नावाच्या चात्यांच्या यंत्रावर कामगार वाकून काम करीत आणि चात्यांचे खनिज तेल त्यांच्या कपड्यांत मुरे. मँचेस्टरच्या दोन डॉक्टरांनी १९२२ साली लिहिले की त्यांच्याकडे येणाऱ्या अंडकोशाच्या त्वचेच्या कर्करोगाच्या रुग्णांत या सूत कातणाऱ्यांचे प्रमाण विलक्षण आहे. पुढे यंत्रकामगारांतही हा रोग दिसला. अशुद्ध किंवा अपुरे शुद्ध केलेले खनिज तेल मानवात कर्करोग घडविते, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने दिला आहे. उत्तम शुद्ध केलेल्या तेलाबाबत तसा पुरावा नाही. म्हणून तेलाची प्रत महत्त्वाची. आणि येथे मला कारखानदारांकडून दुकानदारांकडे वळावे लागते, म्हणजे आपल्यापैकीच अनेकांकडे.

आमच्याही दुकानात कटिंग ऑइल सुटे मिळत असे. गिऱ्हाईक रिकामा कॅन घेऊन येई, वडील ड्रममधून मापून देत. लेबल ड्रमवर, ड्रम दुकानात, तेल कारखान्यात. ज्याच्या हाताला ते लागायचे त्याने ते लेबल कधीच पाहिले नाही. काळ्या पडलेल्या, ‘रिसायकल’ म्हणून आलेल्या स्वस्त ड्रमचे तेल त्यात कधी मिसळले गेले काय, याचे उत्तर मी वडिलांना विचारले नाही आणि आता विचारणे शक्य नाही. आज प्रत्येक उत्पादनासोबत सोळा विभागांची सेफ्टी डेटा शीट असते. दुसऱ्या विभागात धोके, तिसऱ्यात घटक, आठव्यात संरक्षणाची साधने दिलेली असतात. दुकानदाराने ती मागून घ्यावी, सुटा माल देताना तिची प्रत द्यावी आणि कॅनवर नाव चिकटवावे. पुरवठादार शीट देत नसेल तर तो माल ठेवू नये.

कायद्याचे थोडक्यात. कारखाना अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत कळवावयाच्या रोगांच्या यादीत खनिज तेलाने होणाऱ्या पुटकुळ्या व त्वचादाह स्पष्टपणे नोंदलेले होते, आणि कलम ८९ प्रमाणे ते कळविण्याचे कर्तव्य व्यवस्थापकाचे तसेच उपचार करणाऱ्या डॉक्टरचेही होते. एवढ्या वर्षांत मी अशा किती सूचना पाठविल्या? दोन्ही हातांची बोटे लागणार नाहीत, एवढेच म्हणतो. सात कामगारांची यंत्रशाळा त्या कायद्याच्या व्याख्येत येतही नव्हती. तेथे विजेवरील दहा कामगारांची अट होती आणि २०२० च्या संहितेने ती वीसवर नेली आहे. म्हणजे ज्या छपराखाली हे हात सर्वाधिक आहेत, तेथे मालकाखेरीज पाहणारा कोणी नाही. कामगाराचे नाव कर्मचारी राज्य विमा योजनेत असेल तर उपचार व रजेचा लाभ तेथून मिळू शकतो. त्यासाठी डॉक्टरच्या कागदावर ‘व्यवसायजन्य’ हा शब्द लिहिला गेला पाहिजे.

आता मामंजींच्या प्रश्नाचे उत्तर. होय, शंका निराधार नाही. एकोणिसाव्या शतकात डुकराच्या चरबीचे तेल हेच कापकामाचे उत्तम तेल मानले जाई, आणि पुढेही गंधकयुक्त चरबीतेल जड कामांना दीर्घकाळ वापरले गेले. आज बहुतांश कूलंटचा पाया खनिज तेलाचा असतो. परंतु त्यातील साबण व स्नेहाम्ले वनस्पतीजन्यही असू शकतात आणि जनावरांच्या चरबीतूनही काढलेली असू शकतात. ड्रमवरून ते कळत नाही. उत्पादकाकडून लेखी मागावे, देणारे देतात. तसेच हाताला लावायच्या क्रीममध्ये लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीतील मेण, किंवा मधमाशीचे मेण असू शकते. ज्यांना ते वर्ज्य आहे त्यांनी पेट्रोलियम जेली वापरावी, ती खनिज आहे. मात्र वनस्पतीजन्य म्हणजे हाताला निर्धोक, असा अर्थ कृपया घेऊ नये. पाइनच्या लाकडातून मिळणारे टॉल ऑइल संपूर्ण वनस्पतीजन्य आहे, आणि त्यातील राळेची आम्ले वर सांगितलेल्या ॲलर्जीच्या यादीत आहेत. त्या लेखी पत्रात चरबीबरोबर जंतुनाशकाचे नावही विचारावे, असे मी मामंजींना सुचविले. ते म्हणाले, “हे मला कोणी सांगितलं नव्हतं. दोन्ही विचारू.”

सेटरच्या पाठीवरील पट्ट्या चौथ्या दिवशी वाचल्या, तेव्हा आयसोथायझोलिनोनच्या जागी लालसर फुगीर गोल उमटला होता. खिडकीतल्या बाटलीचे नाव पुरवठादाराकडून काढले. तेही याच जातीचे निघाले. त्यामुळे “कूलंट बदलावे की मुलगा बदलावा” याचे उत्तर मला दोन्हीकडून द्यावे लागले. ते जंतुनाशक नसलेले कूलंट आणले, टाक्या तळापासून धुतल्या. तरी मी त्याला आठ आठवडे कुठल्याही कूलंटपासून दूर ठेवायला सांगितले, कारण वरून बरी दिसणारी त्वचा आतून सावरायला महिने घेते. हेच जंतुनाशक भिंतीच्या रंगात, काही शॅम्पूंत आणि द्रव साबणांतही असते, म्हणून घरच्या बाटल्यांची लेबलेही त्याच्या पत्नीला वाचायला सांगितली. यजमानांनी त्याला तपासणीच्या टेबलावर बसविले, पगार तोच ठेवला. आणि ज्यांना “काही होत नाही” अशा सहा जणांचे हात मी पाहिले तेव्हा दोघांच्या मनगटांवर कोरडे खवले निघाले. त्यांनी कधी सांगितले नव्हते.

मुलाचे डावे हात-बोट आता स्वच्छ आहे. उजव्या अंगठ्याची भेग थंडीत उघडते, मिटते. ती पूर्णपणे जाईल असे वचन मी त्याला दिलेले नाही. तो गावी गेला नाही. भगिनींचे दुसरे पत्र परवा आले. रोज सकाळी तिन्ही टाक्यांचा आकडा आता त्यांच्या रोजकीर्दीच्या शेवटच्या पानावर उतरतो, आणि दोन नंबरच्या लेथसमोर सलग चार दिवस नऊ टक्के दिसले, तेव्हा जेवताना त्यांनी यजमानांना विचारले की तेल कोण ओतते आहे.